एक अनोळखी इसम

घरात धडधाकट आजोबा असताना नातीला पाळणाघरात कशाला ठेवता, असं नातेवाईक विचारतात. सूनबाई कधीच विचारत नाही. नात दीड वर्षाची असताना मी तिला एकदा दुपारभर सांभाळलं होतं. संध्याकाळी सूनबाई लोकलमधून उतरून घरी आली तेव्हा आम्ही दोघंही गाढ झोपलो होतो. मी पलंगावर आणि नात पलंगाखाली, माझी चप्पल उशाशी घेऊन. पुढच्याच आठवड्यात तळमजल्यावरच्या काकूंच्या पाळणाघरात तिचं नाव घातलं गेलं. माझ्यावर कोणी ठपका ठेवला नाही. प्रवेशअर्जात 'दिवसा घरी मूल सांभाळणारे कोणी आहे का?' असा एक रकाना होता. तिथे सूनबाईने 'नाही' असं लिहिलं, इतकंच.

माझी उभी हयात सरकारी लेखापरीक्षणात गेली. एकाने केलेल्या कामात दुसऱ्याला न दिसलेली चूक काढून ती तिसऱ्याला कळवायची, याचा मला पगार मिळत असे. आता निवृत्तिवेतन मिळतं. ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरच्या शाळेत चिमुकल्या मुलींवर झालेल्या अत्याचाराचा भयंकर प्रकार उघडकीला आला, लोक रुळांवर उतरले आणि आमच्या डोंबिवलीत आईबापांची झोप उडाली. 2016 साली खारघरच्या पाळणाघरात तान्ह्या मुलीला झालेली मारहाण कॅमेऱ्यात सापडली, तेव्हाही ती अशीच उडाली होती. मग पुन्हा लागली. या खेपेस आमच्या सोसायटीने बालसुरक्षा समिती नेमली आणि तिच्या अध्यक्षपदी मला बसवलं. त्या दोन्ही प्रकारांत हसण्यासारखं काही नाही. हसण्यासारखं जे आहे ते इथून पुढे सुरू होतं आणि ते सगळं माझ्या हिश्शाचं आहे.

ऑडिटरने आधी नियम वाचावेत. मी वाचले. कारखान्यांच्या 1948 च्या कायद्यात तीसपेक्षा जास्त बायका कामाला असतील तिथे पाळणाघर सांगितलं होतं. 2017 साली मातृत्व लाभ कायद्यात दुरुस्ती झाली आणि 50 किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या प्रत्येक आस्थापनेला पाळणाघर लागू झालं. शिवाय आईला दिवसातून चार वेळा मुलाला भेटायची मुभा. हे वाचून मी विजयी मुद्रेने सूनबाईला म्हणालो, "अगं, तुझ्या बीकेसीच्या ऑफिसला पाळणाघर असायलाच हवं!"

"आहे ना बाबा. खेळणी पण छान आहेत."

"मग तिला तिथे का नेत नाहीस?"

"सकाळच्या फास्ट लोकलमध्ये मला एक पाय ठेवायला जागा मिळते. हिला कुठे ठेवू?"

कायदा करणाऱ्यांपैकी कोणी सकाळी आठला डोंबिवलीच्या फलाटावर उभं राहिलेलं दिसत नाही. उभं राहिलं असेल तर गाडीत चढता आलं नसेल.

केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2018 साली पाळणाघरांसाठी किमान मार्गदर्शक तत्त्वंही काढली आहेत. त्यांत तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक माणूस आणि तीन वर्षांवरच्या वीस मुलांमागे एक, असं प्रमाण आहे. मार्गदर्शक तत्त्वं मार्ग दाखवतात, हात धरून नेत नाहीत. वडापावच्या गाडीलाही अन्नाच्या कायद्याखाली नोंदणी लागते, आणि इथे मात्र नुसतं मार्गदर्शन, याने माझं ऑडिटरचं रक्त सळसळलं. मी लांबलचक तपासणी-तक्ता तयार केला. त्यातलं पहिलं कलम कॅमेऱ्याचं होतं. नुसता कॅमेरा नव्हे. सगळ्या पालकांना आपापल्या मोबाइलवर पाळणाघर थेट दिसलं पाहिजे, असा माझा आग्रह. काकू म्हणाल्या, "नुसतं चित्रण ठेवू या. थेट कशाला?" विरोध म्हणजे काहीतरी दडवायचं आहे, हे ऑडिटरचं पहिलं सूत्र. मी समितीचं सगळं वजन खर्च करून थेट कॅमेरा बसवून घेतला.

मग पूर्वसूचनेशिवाय तपासणी. दुपारी बाराच्या सुमारास मी पाळणाघराची बेल वाजवली. दार साखळीपुरतं उघडलं.

"कोण?"

"बालसुरक्षा समिती."

"नाव?"

"अहो काकू, मी तिसऱ्या मजल्यावरचा!"

"ते दिसतंय. वहीत नाव, वेळ आणि कामाचं कारण लिहा."

माझ्या तक्त्यात 'येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही ठेवली आहे काय?' असं कलम होतं आणि मी तिला वळसा घालून आत शिरत होतो. माझ्या वरच्या ओळींत 'गॅस सिलिंडर' आणि 'नळ गळतो' अशा नोंदी होत्या. मी खाली सुवाच्य अक्षरात 'तपासणी' लिहिलं. मग काकूंनी चपला बाहेर काढायला लावल्या, साबणाने हात धुवायला लावले आणि म्हणाल्या, "आता खिसे."

"खिसे?"

"मुलं शिरतीलच तुमच्या खिशात. त्याआधी मी शिरते."

टेबलावर एकेक ऐवज निघत गेला. खाऱ्या शेंगदाण्यांची पुडी, सुपारीचं खांड, रक्तदाबाच्या गोळ्यांची पट्टी आणि माझ्या श्रवणयंत्राचे दोन सुटे बटण सेल. काकूंनी भिंतीवरच्या 'धोकादायक वस्तू' या यादीकडे बोट दाखवलं. त्यातल्या निम्म्या माझ्याकडून जप्त झाल्या होत्या. शेंगदाणा लहान मुलाच्या श्वासनलिकेत अडकतो. काही बटण सेल असे असतात की अन्ननलिकेत अडकले तर दोन तासांत आतून भाजून काढतात. आणि मोठ्यांची रक्तदाबाची गोळी दोन वर्षांच्या मुलाच्या पोटात गेली तर थेट हॉस्पिटल. हे सगळं काकूंनी मला, म्हणजे अध्यक्षांना, शांतपणे सांगितलं. माझ्या तक्त्यात यातलं एकही कलम नव्हतं. अग्निशमन यंत्राच्या रंगाबद्दल मात्र दोन होती.

बाहेरच्या खोलीत एका वयस्क बाईंचा फोटो होता. वातावरण निवळावं म्हणून मी हात जोडून म्हणालो, "सासूबाई का? चेहऱ्यावर किती सात्त्विक भाव आहेत!"

"ताराबाई मोडक," काकू म्हणाल्या.

1945 साली बोर्डीला ज्यांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन गावातल्या मुलांसाठी बालशिक्षणाचं काम सुरू केलं, मुलं शाळेत येत नाहीत म्हणून शाळाच त्यांच्या अंगणात नेली, त्या ताराबाई. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. फोटोवरून ओळखू आल्या नाहीत, एवढंच. मी तक्त्यावर खाली मान घालून लिहिण्याचं नाटक केलं.

नाटकाचं रूपांतर लगेच खऱ्या हरकतींत झालं. हरकत पहिली: तान्ह्या बाळांना मोहरीची उशी नाही. हरकत दुसरी: एकही पांगुळगाडा नाही. हरकत तिसरी: न्हाणीघरातल्या सगळ्या बादल्या उपड्या, सबब पाणीटंचाई. काकूंनी तिन्हींचं अनुपालन जागच्या जागी केलं. वर्षाच्या आतल्या बाळाला कुठलीच उशी नको, उताणं झोपवायचं. उशीत नाक दबलं तर त्याला मान फिरवता येत नाही. चाकांच्या गाड्यात बसलेलं मूल बघता बघता जिन्याशी पोचतं. आणि बादली भरलेली ठेवली तर वीतभर पाण्यातही मूल बुडतं, आवाजसुद्धा होत नाही. माझ्या मुलाला आम्ही मोहरीच्या उशीवर आणि पांगुळगाड्यातच वाढवलं. तो सुखरूप आहे, पण यात आमचं कर्तृत्व किती आणि देवाची कृपा किती, याचा हिशेब मी त्या दिवशी प्रथमच मांडला. स्वयंपाकघराच्या दाराशी लाकडी फाटक होतं, त्याला मुलांना उघडता येणार नाही अशी कडी. मी बराच वेळ खटपट केली. मलाही उघडता आली नाही. 'समाधानकारक' असं लिहिलं.

आता राहिलं मुख्य कलम. मी मुलं मोजली. त्या दुपारी हजर होती ती सगळी तीन वर्षांच्या आतली, आणि वीसच्या खाली. काकू आणि मदतीच्या मावशी मिळून दोन माणसं. "एकास दहा," मी म्हणालो. "नियमात बसतंय."

"बसतंय ना? मग तुम्हीही बसा." काकूंनी माझ्या हातात मऊ भाताची वाटी दिली. "दहा नकोत, चारच घ्या. मी समोरच आहे."

चारांपैकी एकाने तोंड उघडलंच नाही. दुसऱ्याने उघडलं ते मिटलंच नाही. घास संपला की तो माझ्या बोटाकडे वळे. तिसरी माझी नात. तिने आपला भात माझ्या तपासणी-तक्त्यावर वाढला आणि वर तूप मागितलं. चौथ्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहून ओठ काढले. एक मूल रडलं की बाकीची कारण विचारत नाहीत. त्यांना गप्प करण्यासाठी मी ठेवणीतली सिंहाची डरकाळी काढली. त्यानंतर पलीकडच्या खोलीत झोपलेली तान्हीसुद्धा उठली. माझ्या मांडीवर कोणीतरी ऊबदार काहीतरी केलं. नेमकं कोणी, ते गुलदस्त्यातच राहिलं. मी उठायला गेलो तर ज्या चिमुकल्या खुर्चीत बसलो होतो तीही माझ्याबरोबर उठली.

"आजोबा, हलू नका, खुर्ची मोडंल," मावशी म्हणाल्या.

हे सगळं थेट दिसत होतं. नरिमन पॉइंटपासून ऐरोलीपर्यंतच्या ऑफिसांत आमच्या सोसायटीचे आईबाप मोबाइलवर बघत होते. पालकांच्या ग्रुपवर पहिला मेसेज आला, 'मुलांत हा कोण माणूस आहे?' दुसरा, 'पांढऱ्या सदऱ्यातला अनोळखी इसम मुलांना घाबरवतो आहे.' तिसऱ्यात कामाची सूचना होती, 'ताबडतोब बालसुरक्षा समितीच्या अध्यक्षांना फोन करा.' माझा फोन वाजायला लागला. खुर्ची अडकलेली, हाताला भात लागलेला. त्यामुळे अध्यक्ष फोन उचलत नाहीत अशी पुढची तक्रार झाली. मी घातलेल्या नियमानुसार तीही माझ्याकडेच आली. सूनबाई त्या वेळी कुठल्याशा मीटिंगमध्ये होती. तिने साहेबांसमोर मोबाइल पालथा ठेवला, असं मला नंतर कळलं.

सदरा बदलायला घरी निघताना उरलीसुरली प्रतिष्ठा वाचवावी म्हणून मी म्हणालो, "नातीला घेऊनच जातो." काकूंनी वही उघडली. मुलाला न्यायला येणाऱ्या माणसांची नावं पालक लेखी देतात; त्यांच्याशिवाय मूल कोणाच्या हाती द्यायचं नाही, मग तो सख्खा आजोबा का असेना. आमच्या यादीत सूनबाई होती, मुलगा होता, पुण्याची विहीणही होती. मी नव्हतो.

माझ्या शिफारशीवरचा थेट कॅमेरा काकूंनी दुसऱ्या दिवशी बंद केला. चित्रण राहतं, कोणाला शंका आली तर काढून दाखवतात. एकाच्या लेकराचे कपडे बदलताना बाकीच्या सगळ्या घरांनी का बघायचं, हा त्यांचा प्रश्न होता. शिवाय मावशी मुलांकडे कमी आणि कॅमेऱ्याकडे जास्त बघायला लागल्या होत्या. याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. म्हणून मी हिशेबाच्या वह्या मागितल्या. ऑडिटरचा शेवटचा आसरा तोच.

वह्यांत एक पैशाचा घोळ सापडला नाही. सापडलं ते असं की मावशींचा पगार आमच्या सोसायटीच्या वॉचमनच्या पगारापेक्षा कमी होता. वॉचमन गाड्या सांभाळतो. आणि वॉचमनला तरी पुरेसा मिळतो असं नाही. याआधीच्या मावशी पोळ्यांची कामं धरून निघून गेल्या होत्या. तिथे पैसे जास्त आणि पोळ्या रडत नाहीत. मावशी बदलली की मुलं पुन्हा पंधरा दिवस जेवत नाहीत, झोपत नाहीत. हे कुठल्याही तक्त्यात येत नाही.

"तुमची मुलगी केवढी आहे?" मी मावशींना सहज विचारलं.

"तीन वर्षांची."

"दिवसभर कुठे असते?"

"अंगणवाडी दुपारी सुटली की शेजारणीकडं. मोबाइल दिला की गप पडून राहती."

मुंबईच्या गिरण्यांत बाया कामाला जायच्या तेव्हा तान्ह्या पोराने दिवसभर निपचित पडावं म्हणून त्याला अफूची बाळागोळी चाटवून जात असत. मुंबई प्रांताने 1929 साली प्रसूती लाभाचा कायदा केला, देशातला पहिला. बाईला बाळंतपणापुरते पैसे मिळाले, पण नंतर बाळाकडे बघणार कोण, हे राहिलंच. आता गोळीच्या जागी मोबाइल आला. अंगणवाडीलाच पाळणाघर जोडायची केंद्राची 'पाळणा' नावाची योजना आहे. ती मावशींच्या वस्तीत अजून पोचलेली नाही. आमच्या बारा-पंधरा घरांची मुलं सुरक्षित राहावीत म्हणून या बाई रोज आपली मुलगी मोबाइलच्या स्वाधीन करून येत होत्या आणि मी आलो होतो अग्निशमन यंत्राचा रंग बघायला.

माझा अहवाल त्यामुळे चार ओळींचा झाला. मावशींच्या मुलीला इथेच विनाशुल्क घ्यावं. मावशींचा पगार निदान वॉचमनएवढा करावा. आणखी एक मदतनीस नेमावी. नियमात एकास दहा असेल, पण मला चार झेपले नाहीत. यासाठी लागेल तेवढी फी वाढवावी. सर्वसाधारण सभेत पहिल्या तीन ओळींना टाळ्या पडल्या आणि चौथीवर दोन तास भांडण झालं. सर्वांत मोठा आवाज दुसऱ्या गाडीच्या पार्किंगसाठी बिनतक्रार पैसे भरणाऱ्यांचा होता. शेवटी एक आई उठून म्हणाली, "आजोबांचा तो व्हिडिओ मी सेव्ह केलाय. मदतनीस नेमली नाही तर पुढच्या वेळी हेच मुलं सांभाळायला येतील." ठराव एकमताने मंजूर झाला.

मावशींची मुलगी आता आमच्या नातीच्या शेजारी बसून जेवते. मदतनिसाची जागा मात्र अजून भरलेली नाही. वेळ सकाळी साडेआठ ते दुपारी साडेचार, डोंबिवली पूर्व, स्टेशनपासून चालत दहा मिनिटं. स्वतःचं लहान मूल असेल तर सोबत आणता येईल. आधीच्या दोन ठिकाणी चौकशी करूनच घेतलं जाईल आणि पोलीस पडताळणी लागेल. माहितीत कोणी बाई असतील तर जरूर कळवा. निवृत्त पुरुषांनी अर्ज करू नयेत, असं काकूंनी मुद्दाम लिहायला सांगितलं आहे.