जास्तीत जास्त दराचा मानकरी

गव्हाचा जास्तीत जास्त दर ज्याच्या पदरात पडला, असा शेतकरी अद्याप कुणाच्या पाहण्यात आलेला नाही. बाजारभावाच्या तक्त्यात मात्र त्याची हजेरी रोजची. कमीत कमी दर, जास्तीत जास्त दर, सर्वसाधारण दर असे तीन रकाने; त्यातलं मधलं घर त्याचं. पहिल्या घरातली माणसं पारावर, एसटीत, सोसायटीच्या पायरीवर कुठेही भेटतात. तिसऱ्या घरातलीही भेटतात, फक्त ती आपण पहिल्याच घरातले असल्याचं सांगतात. मधला गृहस्थ विक्रीच्या हिशेबाची पट्टी खिशात घालून कुठे गडप होतो, हे पोलीस पाटलालाही ठाऊक नाही.

तो आहे, एवढं मात्र नक्की. कारण बातमी त्याच्याच जिवावर निघते.

समजा, एखाद्या बाजारात एका दिवशी 400 क्विंटल गहू आला. त्यातला 398 क्विंटल 2,300 रुपयांनी गेला आणि दोन क्विंटल 3,900 नं. दुसऱ्या दिवशी मथळा येणार: ‘गव्हाला झळाळी, दर 3,900 वर’. झळाळी आलेला गहू चार पोत्यांत मावतो, हे बातमीत कुठेच नसतं. आता ज्याला त्रैराशिक येतं त्यानं हिशेब घालून पाहावा. त्या दिवशी बाजारात आलेल्या सगळ्या गव्हाची खरी सरासरी निघते 2,308 रुपये. म्हणजे मथळ्यातल्या त्या 3,900 चं बाजाराला योगदान क्विंटलमागे आठ रुपये. तिसऱ्या रकान्यातला सर्वसाधारण दर हा ज्या भावानं बहुतेक माल विकला गेला तो असायला हवा. पण तक्ते बारकाईनं वाचणाऱ्याला एक मौज दिसते: हा दर पुष्कळदा पहिल्या दोन आकड्यांच्या बरोब्बर मधोमध येऊन बसलेला असतो. इथे तो मधोमध बसला, तर होईल 3,100. लिलावाला न येता, एकही पोतं न मोजता, दोन आकड्यांची बेरीज करून निम्मं केलं की झाला सर्वसाधारण. मग 2,300 नं गहू घातलेला शेतकरी घरी येऊन तक्ता वाचतो आणि त्याला वाटतं, सगळा बाजार 3,100 नं चालला होता, आपलंच नशीब फुटकं.

पुण्याचा मेहुणा तर रविवारची वाट पाहत नाही. “भावोजी, गहू चार हजाराला टेकला म्हणे! आता काय, चैन आहे तुमची.” भावोजी फोन त्याच्या बहिणीच्या हातात देतात. सोसायटीचा सचिव त्याच दिवशी वसुलीची आठवण करतो. सोयरिकीच्या बैठकीत समोरची मंडळी पाच एकर गुणिले क्विंटल गुणिले 3,900 असा गुणाकार मनातल्या मनात उरकून मग मानपानाचा विषय काढतात. मजुरीचे दर ठरताना तोच आकडा, खंडाच्या जमिनीचा भाव ठरताना तोच आकडा. शहरात किराणा दुकानदार आट्याच्या पाकिटावर नवी किंमत चिकटवतो आणि सुस्कारा टाकतो, “काय करणार काकू, गहूच महागलाय.” एकच तक्ता. शेतकऱ्याकडून घेताना त्यातला पहिला रकाना वाचायचा आणि गिऱ्हाइकाला देताना दुसरा. काकू शेतकऱ्यांच्या श्रीमंतीवर दोन शब्द बोलून पाकीट पिशवीत टाकतात.

वर्षातून एकदा हा मानकरी दिसल्याचा भास होतो. नव्या गव्हाच्या मुहूर्ताचा सौदा असतो. पहिल्या ढिगाला नारळ फुटतो, शेतकऱ्याला फेटा, शाल, श्रीफळ. खरेदीदाराचा हात त्याच्या खांद्यावर. मागे बारा जण कॅमेऱ्याकडे बघताहेत. भाव असा की फोटोग्राफरनंही शेती करावी. फोटो निघतो आणि गर्दी दुसऱ्या ढिगापाशी सरकते. तिथल्या शेतकऱ्यानं तोच भाव विचारला, तर सांगतात, “अहो, तो मुहूर्ताचा होता.” तक्त्यात मुहूर्ताचा असा वेगळा रकाना नाही. तो भाव जाऊन बसतो मधल्या घरात.

मोठ्या शहरांच्या बाजारात तर मधल्या घरातला गहू महाराष्ट्रातला असेलच असं नाही. मध्य प्रदेशातल्या सिहोरकडची शरबती चाळून, निवडून, पोती शिवून येते आणि एका व्यापाऱ्याकडून दुसऱ्याकडे जाते. ती महाग असते, असायलाही हवी. पण त्या सौद्यात शेतकरी कुठेच नसतो. तो केव्हाच पैसे घेऊन, किंवा उधारी ठेवून, घरी गेलेला असतो. तरी त्या भावाची नोंद शेतमालाचा भाव म्हणूनच होते. काही तक्त्यांत शरबती, बन्सी, 2189 अशा वेगळ्या ओळी असतात हे खरं. उरलेल्या बहुतेक गव्हासाठी ‘लोकल’ ही एकच ओळ. ही लोकल जात कुठल्या शास्त्रज्ञानं काढली, तिचं बियाणं कुठे मिळतं आणि तिला पाणी किती लागतं, हे एकदा कृषी पुरवणीत छापून यावं. राज्यात सर्वात जास्त पिकणारा वाण तोच दिसतो.

बरं, माल डावा की उजवा, हे ठरवतं कोण? सरकारी खरेदीचे निकष कागदावर स्पष्ट आहेत. ओलावा 12 टक्क्यांपर्यंत चालतो, 14 पर्यंत असेल तर किंमत कापून घेतात, त्यापुढे माल परत. काडीकचऱ्याला मुभा पाऊण टक्का. ओलावा मोजायचं यंत्र हातात मावेल एवढं असतं. अनेक बाजारांत तेही आहे, बहुधा कार्यालयातल्या कपाटात, प्लास्टिकच्या पिशवीसकट. ढिगापाशी मात्र ओलावा दातानं मोजतात. खरेदीदार चार दाणे तोंडात टाकतो, कडकन चावतो, तोंड वाकडं करतो आणि म्हणतो, “ओल हाय.” त्या दाताचं प्रमाणीकरण कोणी, कधी केलं? तराजूवर ठरावीक मुदतीनं शिक्का मारून घ्यावा लागतो, दातावर लागत नाही. एका ‘ओल हाय’मध्ये क्विंटलमागे शंभर-दीडशे रुपये जातात आणि त्या शंभर-दीडशेची नोंद जगातल्या कुठल्याही वहीत होत नाही. पट्टीवर फक्त भाव येतो. तो का उतरला, हे दाताला माहीत.

पुढे कडता. पोत्याचं वजन, माती, घट अशा नाना नावांनी किलो-अर्धा किलो वळता होतो. इलेक्ट्रॉनिक काटा आला तेव्हा कडता जाईल, असं म्हणणारी भाबडी माणसं होती. काटा अचूक वजन दाखवतो आणि त्या अचूक वजनातून कडता अचूक वजा होतो. 2,300 च्या भावानं क्विंटलमागे एक किलो म्हणजे 23 रुपये. बाजाराची सरासरी त्या थोर 3,900 नं आठ रुपयांनी वर नेली होती, कडत्यानं 23 नं खाली आणली. मथळा कशाचा झाला, आठ रुपयांचा! नमुना म्हणून उचललेली ओंजळ वेगळी. ती ढिगात परत पडलेली ज्यानं पाहिली असेल, त्यानं जास्तीत जास्त दरवालाही पाहिला असेल. शिवाय माल विकला त्याच दिवशी पैसे द्यावेत असं नियम सांगतो. प्रत्यक्षात पुढच्या तारखेचा चेक मिळतो आणि आजच रोख हवे असतील, तर शेकड्याला ठरलेली कात्री. स्वतःचेच पैसे स्वतःला मिळावेत म्हणून व्याज भरायचं!

बाजारावर नियमन असावं, ही कल्पना काही कालची नाही. देशातला पहिला नियंत्रित बाजार म्हणून वऱ्हाडातल्या कारंजाचं नाव घेतात, साल 1886. वऱ्हाडाचा कापूस आणि धान्य बाजाराचा कायदा 1897 चा. त्यामागे इंग्रजाला काळजी होती ती मँचेस्टरच्या गिरण्यांना चांगला कापूस नीट भावात मिळण्याची. व्यवस्था जन्मली तीच खरेदीदाराच्या सोयीसाठी. महाराष्ट्राचा स्वतःचा कायदा 1963 चा. रुमालाखाली बोटं दाबून होणारे सौदे बंद करून उघड लिलाव आणणं, हे या नियमनाचं मोठं काम. रुमाल गेला खरा. बोटं आता मोबाइलवर चालतात, आणि लिलाव पुकारायच्या आधी आजचा भाव कुठवर न्यायचा हे चौघांच्या ग्रुपवर ठरलं, तर बाहेर उभ्या असलेल्या माणसाला कळायचं कसं? रुमाल निदान दिसत तरी होता.

आणि हमीभाव? 2025 च्या हंगामात तो 2,425 रुपये होता, 2026-27 च्या विपणन हंगामासाठी 2,585 आहे. महाराष्ट्रात गव्हाची सरकारी खरेदी जवळपास नसतेच. ती मुख्यतः पंजाब, हरयाणा, मध्य प्रदेशात होते. 2025 ला मध्य प्रदेशात हमीभावावर 175 रुपये बोनस मिळाला, म्हणजे 2,600. सातपुडा ओलांडून अलीकडे आलं की हमीभाव हा सामान्यज्ञानाचा प्रश्न होतो. भाव पडला, तर बाजार मुक्त आहे असं सांगतात. भाव चढू लागला की त्याच मुक्त बाजाराला वेसण: 13 मे 2022 ला निर्यातबंदी, जून 2023 मध्ये व्यापाऱ्यांच्या साठ्यावर मर्यादा, शिवाय सरकारी गोदामातला गहू खुल्या बाजारात. गरिबाला पोळी परवडली पाहिजे, हे कोण नाकारेल? पण त्या पोळीचा फरक दर वेळी ज्याच्या खिशातून जातो, त्याला निदान पावती तरी द्या.

करायचं ते फार थोडं आहे. तक्त्यात प्रत्येक भावापुढे त्या भावानं किती क्विंटल विकला गेला तो आकडा छापा. मुहूर्ताचे सौदे आणि व्यापाऱ्या-व्यापाऱ्यांतले सौदे वेगळे दाखवा. पट्टीवर ओलाव्याची टक्केवारी आणि कडत्याचा किलो लिहा. कायद्यात एक अक्षर बदलावं लागत नाही. आणि ज्यांचा गहू अजून घरात आहे त्यांनी पोतं उपडं करण्याआधी ते कपाटातलं यंत्र मागवावं. नाही म्हणाले, तर ‘ओलावा मोजला नाही’ एवढे तीन शब्द पट्टीवर सहीनिशी लिहून घ्यावेत.