कटऑफ मास्तर

लग्नसराईत जवळा बाजारच्या रस्त्यावर बँजो पार्टी निघाली, की कॅसिओवर कोण आहे हे डोळे मिटूनही कळतं. गाणं रंगात येतं, पोरं घामाघूम होतात आणि नेमका तेव्हाच आवाज पाण्यात बुडायला लागतो. जनरेटरवाला धावतो. नवरदेवाचे मामा ओरडतात, "लाईट गेली का?"

लाईट असते. मास्तरांची बोटं कटऑफच्या बटणावर असतात.

कंपनीनं कीबोर्डात सनईपासून बासरीपर्यंत शेकडो आवाज भरून दिलेत. मास्तरांना त्यांचं सोयरसुतक नाही. त्यांचा जीव लो-पास फिल्टरवर. हा खालच्या सुरांना वाट देतो, कटऑफच्या वरच्यांना अडवतो. वरात औंढ्याच्या रस्त्यानं लांब गेली की सनई विरते, नुसतं धमधम उरतं. ते लांब जाणं मास्तर जागच्या जागी उभं राहून घडवतात. कटऑफच्या शेजारचं रेझोनन्सचं बटण वाढवलं की कापलेल्या काठावरचे सूर उसळून 'वाँव' करतात. फारच वाढवलं तर काही फिल्टर स्वतःच शिट्टी मारतात. मास्तरांचा मारतो. एका हळदीला ती वाजली आणि कुकर कुणी बंद करायचा यावरून आत दोन जावांचं वाजलं.

सिंथेसायझर बनवणाऱ्या रॉबर्ट मूगचा साठच्या दशकातला फिल्टर सप्तकामागे २४ डेसिबल कापायचा, हे चहावाल्यालाही सांगून झालंय. हॉटेलात पंख्याचं रेग्युलेटर दिसलं तरी हात जातो. झटकन नाही, सावकाश. सप्त्यात पेटीचा आवाज लावून बसवलं, तर ऐन गजरात पेटी विहिरीत गेली. विणेकऱ्यांनी नुसतं बघितलं. पुढच्या वर्षी खरी पेटी आली.

तसं मास्तरांचं चुकत नाही. आधी दाबल्याशिवाय उघडण्याची मजा नाही. फक्त दाबताना त्यांची समाधी लागते, आणि नाचणारी पोरं एक पाय वर धरून किती वेळ थांबणार?

परवा मामांनी हात जोडले, तेव्हा मास्तरांनी चरणजित सिंग काढले. मुंबईच्या या वादकानं १९८२ साली रोलँडच्या टीबी-३०३सारख्या यंत्रांवर डिस्कोच्या ठेक्यात दहा राग वाजवले. रेकॉर्ड खपली नाही. २०१० साली पुन्हा निघाली, तेव्हा कुठं परदेशातले जाणकार चकित झाले.

"कदर व्हायला २८ वर्षं लागली, मामा!"

"लागू द्या की," मामा म्हणाले, "आपला मुहूर्त १२ वाजून ३६ चा आहे."