सहा मिलिमीटरचे शौर्य

खऱ्या शस्त्राचा आकार धारण करून 6 मिलिमीटर व्यासाची प्लॅस्टिकची गोळी वायूच्या किंवा स्प्रिंगच्या जोरावर फेकणाऱ्या प्रतिकृतीस एअरसॉफ्ट असे म्हणतात. हा छंद 1970 नंतरच्या काळात जपानमध्ये रुजला आणि तेथून हाँगकाँग, तैवान, युरोप व अमेरिका असा पसरत असताना त्याने स्वतःचे एक समीक्षाशास्त्रही सिद्ध केले. या शास्त्रातील सर्वांत प्रतिष्ठेचा प्रकार म्हणजे ‘प्रथमदर्शन’, अर्थात नवे कोरे धातूचे पिस्तूल खोक्यातून बाहेर येते तेथपासून पहिली गोळी सुटते तेथपर्यंत समीक्षकाच्या चित्तात उमटलेल्या भावांची नोंद. पिस्तुलाचा नेम कितपत लागतो, या प्रश्नास तीत शेवटचा परिच्छेद मिळतो, आणि तोही जागा उरल्यास.

पहिला निकष वजनाचा. जॉन ब्राउनिंग याने रचलेले आणि अमेरिकी सैन्याने 1911 साली स्वीकारलेले कोल्ट पिस्तूल हे या संप्रदायाचे आराध्यदैवत असून मूळ शस्त्राचे वजन सुमारे 1.1 किलो भरते. प्रतिकृती त्या आकड्याच्या जितकी जवळ जाईल तितके समीक्षकाचे डोळे पाणावतात. मूळ पिस्तूल पोलादाचे आणि प्रतिकृती बहुधा जस्ताच्या मिश्रधातूची किंवा ॲल्युमिनियमची असते. परंतु ‘फुल मेटल’ ही पदवी बहाल करताना धातू कोणता हे विचारणे असभ्यपणाचे मानले जाते. त्यानंतर स्लाइड, म्हणजे पिस्तुलाचा वरचा सरकता भाग, मागे ओढून सोडली जाते, आणि तिच्या खटकन मिटण्याच्या आवाजाचे वर्णन करताना भल्याभल्यांची गायनसमीक्षेची परिभाषा तोकडी पडते. बाजूला कोरलेल्या अनुक्रमांकाचे कौतुक तर स्वतंत्रच होते. शस्त्रावर अनुक्रमांक असतो तो सरकारी नोंदवहीत त्याचा माग लागावा म्हणून. येथे मात्र नोंदवही नसलेला अनुक्रमांक असतो आणि तो ठळक उमटला नसेल तर गुण कापले जातात.

खरी गंमत नळीच्या तोंडाशी आहे. मूळ पिस्तुलाच्या नळीचा व्यास 0.45 इंच, म्हणजे 11.43 मिलिमीटर, आणि प्रतिकृतीनेही समोरून तेवढाच जबडा पसरलेला असतो. मात्र उजेडाकडे धरून आत डोकावले की काठापासून थोडी मागे सरकून बसलेली एक बारीक पितळी नळी दिसते, आणि सारा कारभार तिच्यातूनच चालतो. तिच्यातून निघणारी गोळी बहुधा 0.2 ग्रॅमची, तर मूळ पिस्तुलाची गोळी सुमारे 15 ग्रॅमची. म्हणजे तिकडच्या एका गोळीच्या वजनात इकडच्या पाऊणशे गोळ्या बसतात, ही बाब काटकसरी मनाला सुखावणारी असली तरी प्रथमदर्शनात तिचा उल्लेख सहसा आढळत नाही. या गोळीची ऊर्जा एक ज्यूलच्या आसपास, तर मूळ गोळीची काही शे ज्यूल असते. तरीही एवढ्याशा गोळीने डोळा कायमचा जाऊ शकतो, आणि म्हणून या क्रीडेतील प्रत्येक वीराला रणभूमीवर उतरण्यापूर्वी डोळ्यांवर संरक्षक चष्मा चढवावा लागतो. छायाचित्रे मात्र चष्मा काढून घेतली जातात.

पिस्तुलाचे अंतरंग याहून हळवे आहे. ‘ब्लोबॅक’ या रचनेत मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्यांच्या पेटीत, भरलेला वायू गोळी तर ढकलतोच, शिवाय स्लाइड मागे रेटून घोडाही पुन्हा चढवतो, आणि त्या धक्क्याने मनगटाला युद्धाचा आभास होतो. धातूची जड स्लाइड हलवण्यास जपानी बाजारातील सौम्य वायू अपुरा पडतो, म्हणून ‘ग्रीन गॅस’ या नावाचा अधिक जोरकस वायू वापरतात; तो मुख्यतः प्रोपेन असून त्यात थोडे सिलिकॉनचे वंगण मिसळलेले असते. प्रोपेन हा स्वयंपाकघरातील सिलिंडरमध्येही नांदणारा घटक आहे, हे समजल्यावर वीररसास थोडा फोडणीचा वास येतो, त्याला इलाज नाही. द्रवाचा वायू होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो, त्यामुळे भराभर चाप ओढला की मॅगझिन गारठते, दाब घसरतो आणि ती वजनदार स्लाइड अर्ध्या वाटेत रेंगाळू लागते. हिवाळ्यात तर पहिल्या काही गोळ्यांतच शौर्य ओसरते. ज्या धातूसाठी जादा पैसे मोजले तोच पिस्तुलाला सुस्त करतो, हे सत्य समीक्षक ‘थंडीत किंचित संयम हवा’ अशा शब्दांत मांडतात.

धातूची ही ओढ इतकी तीव्र का, याचे उत्तर जपानच्या कायद्यात सापडते. तेथे 1971 च्या दुरुस्तीनुसार हातातील शस्त्राची धातूची प्रतिकृती पांढऱ्या किंवा पिवळ्या रंगाची असावी लागते आणि तिची नळी बुजवावी लागते. उत्पादकांनी पिवळ्याचा अर्थ सोनेरी असा लावला. परिणामी, ज्यातून काहीही सुटू शकत नाही ते पिस्तूल सोन्यासारखे झळकू लागले आणि ज्यातून गोळी सुटते ते प्लॅस्टिकचे असल्यामुळे काळेकुट्ट राहिले. तेथील कारागिरांनी मग प्लॅस्टिकमध्येच धातूची भुकटी कालवून कायद्याने प्लॅस्टिक आणि हाताला धातू असा पदार्थ तयार केला, तर तैवानच्या कारखानदारांनी असला पेच न बाळगता धातूची पिस्तुले जगभर विकली. दिवाळीत टिकल्यांचे पत्र्याचे पिस्तूल दोन दिवस वाजवून माळ्यावर टाकणाऱ्या मराठी वाचकाला हा खटाटोप अतिरेकी वाटेल. पण त्या पिस्तुलाचे प्रथमदर्शन कोणी लिहिले नाही, त्याचे कारण ते कोणालाही खरे वाटत नव्हते.

अमेरिकेने रंगाचा प्रश्न टोकापुरता सोडवला. तेथील 1988 च्या संघराज्य कायद्यानुसार खेळण्यातील व नकली बंदुकांच्या नळीच्या टोकास भडक नारिंगी खूण असावी लागते, आणि रंगाचा पट्टा द्यायचा झाल्यास त्याची रुंदी किमान 6 मिलिमीटर असावी लागते. गोळीचा व्यासही तेवढाच, हा योगायोग कायद्याच्या सौंदर्यदृष्टीविषयी आदर वाढवणारा आहे. प्लॅस्टिकची गोळी मारणाऱ्या एअरसॉफ्टला हा नियम लागू होतो, पण धातूचे छर्रे मारणाऱ्या पारंपरिक हवाई बंदुकांना त्यातून सूट आहे, म्हणजे अधिक दुखापत करणाऱ्या वस्तूने खऱ्यासारखे दिसण्यास हरकत नाही. ब्रिटनने 2006 च्या कायद्याने याहून कडक धोरण धरले. तेथे नोंदणीकृत खेळाडू नसलेल्या ग्राहकाला गुलाबी, जांभळ्या किंवा तत्सम भडक रंगाच्या पिस्तुलावर समाधान मानावे लागते, आणि ते घरी नेऊन काळे रंगवणे हा गुन्हा ठरतो. जांभळ्या पिस्तुलाची प्रथमदर्शने फारच त्रोटक असतात.

नारिंगी टोकाविषयी मात्र समीक्षकांत विलक्षण एकमत आहे. त्याने रेषा बिघडते, भव्यता उणावते आणि एकूण परिणामास बाधा येते, असे सर्वांचेच म्हणणे असते, आणि ते काढून टाकणे हेच पुष्कळांचे खोके उघडल्यावरचे पहिले कार्य असते. पिस्तूल हातात असलेल्याला ते खोटे आहे हे खूण नसतानाही ठाऊक असते. खूण असते ती समोरच्यासाठी, आणि समोरच्याला वजन तोलण्याची, अनुक्रमांक वाचण्याची किंवा नळीत डोकावून पितळ पाहण्याची सवड नसते. 22 नोव्हेंबर 2014 रोजी अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरातील एका बागेत 12 वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाजवळ कोल्ट 1911 सारखे दिसणारे एअरसॉफ्ट पिस्तूल होते आणि त्याचे नारिंगी टोक निघालेले होते. पोलिसांची गाडी येऊन थांबताच सुमारे दोन सेकंदांत त्याच्यावर गोळी झाडण्यात आली आणि दुसऱ्या दिवशी तो मरण पावला. हे प्रथमदर्शन या शास्त्रातील सर्वांत त्रोटक होय. डिसेंबर 2015 मध्ये ग्रँड ज्युरीने, म्हणजे खटला भरावा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, पोलिसांवर आरोप ठेवण्यास नकार दिला, आणि त्याचे स्पष्टीकरण देताना ते पिस्तूल खऱ्यापासून वेगळे ओळखणे कठीण होते असा मुद्दा सरकारी वकिलांनी मांडला. हुबेहूबपणाला याहून अधिकृत प्रमाणपत्र मिळणे अवघड आहे. खोक्यावर छापण्याजोगे मात्र ते नाही.