घोडे मोजून घ्यावेत
(एअर इनटेक बसवू पाहणाऱ्या नवशिक्यांसाठी)

पूर्वतयारी म्हणून एक गाडी लागेल. ती पेट्रोलची, १.२ लिटरची आणि शक्यतो हप्त्यावर घेतलेली असावी. स्विफ्ट असेल तर उत्तमच. गाडी वडिलांच्या नावावर असेल, तर पुढचा मजकूर खोलीचं दार लावून वाचावा. शिवाय एक मित्र हवा. त्याने स्वतःच्या गाडीला इनटेक बसवलेला असावा आणि किती फरक पडला असं विचारल्यावर ‘जाणवतो रे’ याच्या पलीकडे त्याने काही सांगू नये.

पायरी पहिली : आहे ते टाकाऊ आहे, हे मनाशी पक्कं करा. बॉनेट उघडलं की काळा प्लास्टिकचा डबा दिसेल. आत घड्याघड्यांचा कागदी फिल्टर असतो. कंपनीने पैसे वाचवायला हा डबा लावलाय, असं म्हणण्याची पद्धत आहे. बहुतेक गाड्यांत या डब्याची नळी पुढच्या जाळीपाशी उघडते आणि बाहेरची थंड हवा घेते, हे दिसलं तरी न दिसल्यासारखं करा. कारण तुम्ही काही हजार मोजून जो चकचकीत कोन फिल्टर आणणार आहात, तो इंजिनाच्या शेजारी उघडाच बसणार आहे. मे महिन्यात स्वारगेटच्या सिग्नलला बॉनेटखालची हवा कशी असते, ते हात घालून पाहावं. हवा तीन अंशांनी तापली की साधारण एक टक्क्याने विरळ होते. पुढचं गणित नवशिक्याने करू नये, उत्साह मावळतो.

पायरी दुसरी : काळजी करा. फोर-स्ट्रोक इंजिन दोन फेऱ्यांत आपल्या मापाएवढी हवा ओढतं. म्हणजे १.२ लिटरचं इंजिन ६००० आरपीएमला मिनिटाला ३६०० लिटरच्या आसपास हवा मागतं. एवढी हवा त्या बिचाऱ्या कागदातून जाते कशी? जाते. घड्या उलगडल्या की तो कागद बराच मोठा निघतो. आणि रोजच्या गर्दीत इंजिनाला अडवतं ते फिल्टर नव्हे, तुमचं पाऊल. पेट्रोल गाडीत अ‍ॅक्सिलरेटर थोडाच दाबला, की थ्रॉटलची झडप बहुतांश बंदच असते. नळ अर्धवट सोडायचा आणि गच्चीवरच्या टाकीचा पाइप मोठा करून घ्यायचा, त्यातलाच हा प्रकार.

पायरी तिसरी सगळेच गाळतात. तुम्हीही गाळाल, तरी सांगून ठेवतो. स्टिअरिंगखालच्या ओबीडी सॉकेटला लावायचं एक छोटं यंत्र स्वस्तात मिळतं, ते मोबाइलला जोडा. चावी फिरवा, पण इंजिन चालू करू नका. मॅनिफोल्ड प्रेशरचा, म्हणजे थ्रॉटलच्या पलीकडे इंजिनात शिरणाऱ्या हवेच्या दाबाचा, आकडा दिसेल. तो तुमच्या गावच्या हवेचा दाब : मुंबईत १०० किलोपास्कलच्या आसपास, पुण्यात ९५च्या. आता मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर शेजारी मित्राला आकडा वाचायला बसवा आणि दुसऱ्या गिअरमध्ये पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊन ६०००पर्यंत न्या. समजा, पुण्यात ९५चे ९३ झाले. म्हणजे नळी, डबा, फिल्टर आणि थ्रॉटल मिळून अडवणूक झाली जेमतेम दोन टक्के. २०१८च्या स्विफ्टचे ८३ घोडे धरले, तर सगळी वाट मोकळी करूनही हाती लागायचे दोनाच्या आतले घोडे, तेही फक्त तळाशी दाबलेल्या अ‍ॅक्सिलरेटरवर, ६०००पाशी. हीच गाडी मुंबईहून महाबळेश्वरला नेली, तर विरळ हवेपायी दहाएक घोडे वाटेतच गळतात. पण वर पोचल्यावर आपण तक्रार करतो ती स्ट्रॉबेरीच्या भावाची.

उलट आकडा ९५वरून ८८वर आला, तर खरंच काहीतरी अडतंय. आधी जुना फिल्टर काढून उन्हात धरा आणि शेवटचा कधी बदलला ते आठवा. (टर्बो गाडीला हा हिशेब लागू नाही. तिथे रीमॅप केल्यावर, म्हणजे इंजिनाच्या संगणकाची गणितं बदलून घेतल्यावर, मोठ्या इनटेकला अर्थ असू शकतो. पण रीमॅप करणारा माणूस हे मार्गदर्शन वाचत नसतो.)

अ‍ॅव्हरेज वाढेल असं दुकानदार सांगेल. अमेरिकेतल्या ओक रिज राष्ट्रीय प्रयोगशाळेने २००९ मध्ये फिल्टर मुद्दाम तुंबवून आधुनिक इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्या चालवून पाहिल्या. गाडीचा पिकअप घटला, अ‍ॅव्हरेजमध्ये लक्षणीय फरक पडला नाही, कारण हवा कमी आली की संगणक पेट्रोलही कमी सोडतो. तुंबलेल्या फिल्टरने जे बिघडलं नाही, ते महागड्या फिल्टरने सुधारणार कसं, हे दुकानदाराला विचारा आणि चहा यायच्या आत निघा.

मग मित्राला जाणवतं ते काय? आवाज. कंपनीच्या डब्यात हवेचा घुमारा दाबायची सोय केलेली असते. तो डबा काढला, की अ‍ॅक्सिलरेटर दाबताच गाडी गुरगुरते आणि कानाला वाटतं, पिकअप वाढला. यात लाजण्यासारखं काही नाही. आवाज आवडतो म्हणून पैसे खर्च करणारा माणूस मला घोड्यांचे खोटे आकडे सांगणाऱ्यापेक्षा केव्हाही बरा वाटतो.

पायरी चौथी : पावसाळा. थंड हवेच्या हौसेने काही किटांत फिल्टर खाली बंपरमागे नेतात. मग मुंबईत हिंदमाताला किंवा मिलन सबवेत पाणी साचलं, की गाडी पहिला घोट तिथेच घेते. पाणी दाबलं जात नाही, त्यामुळे कनेक्टिंग रॉड वाकतो आणि इंजिनकाम निघतं. त्या बिलाला साधा विमा बहुधा हात वर करतो, इंजिनाचं वेगळं संरक्षण घेतलेलं असावं लागतं. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला होता. तेवढी वाट पाहायची गरज नाही, गुडघाभर पाणी पुरतं.

कायद्याचं थोडक्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ गाडीत मूळ रचनेबाहेरचे बदल करू देत नाही. २०१९च्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदल केल्यास मालकाला प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. वॉरंटीचा वाद वेगळाच. ‘बॉनेट उघडून कोण बघतंय’ हा युक्तिवाद फक्त बॉनेट बंद असेपर्यंत टिकतो.

तर निकाल असा : साध्या पेट्रोल गाडीला घोड्यांसाठी इनटेक बसवू नका. काही शे रुपयांचा कागदी फिल्टर वेळेवर बदला. रस्त्यांच्या खोदकामाची धूळ खाणाऱ्या गाडीचा तर लवकरच. आवाजच हवा असेल आणि कायद्याची जोखीम पत्करायची असेल, तर फिल्टर इंजिनाच्या उष्णतेपासून झाकणारं किट घ्या आणि पावसाळा संपल्यावरच बसवा. तेल लावलेला कापडी फिल्टर असेल, तर धुतल्यावर तेल जपून लावा, जास्तीचं तेल हवा मोजणाऱ्या सेन्सरवर बसतं. आणि जुना काळा डबा भंगारात घालू नका. गाडी विकायला काढाल, तेव्हा गिऱ्हाईक तोच मागेल.