पाचाचा हिशेब

तासगाव तालुक्यातल्या त्या द्राक्षबागेत प्रस्तुत लेखक ‘धाकले मालक’ आहेत. बाग वडिलांची, कर्ज सोसायटीचं, रुबाब तेवढा लेखकांचा.

एप्रिलची खरड छाटणी उरकली की शनिवारी संध्याकाळी शेडपुढे विटी-दांडू रंगतो. शनिवार हा पगाराचाही वार. पगार डाव संपल्यावर, असा लेखकांचा नियम. तीन हंगामांत ते एकदाही बाद झालेले नाहीत. सगळी मनगटाची करामत, अशी त्यांची समजूत. हंगामात ज्या गड्यांच्या हातून घडाचा एक मणी गळत नाही, त्याच हातांतून मालकांची विटी मात्र दर वेळी निसटते. हा योगायोग त्यांना कधी खटकला नाही.

त्या शनिवारी लेखक विटी कोलायच्या आधीच बोलायला लागले. कबड्डी १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई खेळांत पोचली आणि विटी-दांडू बसला शेडपुढेच, ही त्यांची जुनी खंत. मग गाडी मोजणीवर आली. वकट, लेंड, मूंड, नाल हे शब्द आले कुठून? तेलुगूत एक म्हणजे ओकटि, दोन रेंडु, तीन मूडु, चार नालुगु. म्हणजे दांडूनं अंतर मोजणारं मराठी पोर नकळत तेलुगू बोलत असतं! प्रत्येक गावाची मोजणी निराळी, पण त्यांच्या गावात नालनंतर थेट ‘आर’ येतो. तेलुगूत आरु म्हणजे सहा. मग मधला पाच, म्हणजे ऐदु, गेला कुठं? कुणी सांडला? कृष्णेच्या अलीकडे की पलीकडे?

गडी माना डोलावत होते. बायका कडेला उकिडव्या बसून पगाराची वाट बघत होत्या. दिवस कलला होता. घरी जाऊन त्यांना भाकरी थापायच्या होत्या.

अखेर लेखकांनी टोला हाणला. विटी गरगरत कडेला गेली. एक मावशी उठल्या, पदर पसरला आणि विटी अलगद त्यात घेतली.

कुणी बोलेना. एका गड्यानं घसा खाकरून पाहिला, “पदरातला झेल धरत्यात व्हय?”

“धरत्यात,” मावशी म्हणाल्या. “आन् धाकलं मालक, तुमचा त्यो पाच तुमच्याच वहीत सांडलाय बगा.”

लेखक हसले. मग वही उघडली. मावशींच्या नावापुढे सोमवार ते गुरुवार चार उभ्या रेघा, शुक्रवार कोरा, शनिवारी पुन्हा रेघ. शुक्रवारी दिवसभर लेखक सुताराकडे बसून बाभळीचा नवा दांडू तासून घेत होते.

त्यांनी रेघ ओढली. तेवढ्यात पानाच्या डोक्यावर नजर गेली. गड्यांचा रोज एका रकान्यात, बायकांचा दुसऱ्यात, शंभराच्या फरकानं. अक्षर त्यांचं स्वतःचं होतं, वळणदार. वही मिटायला त्यांना जरा वेळ लागला.

“मावशी, झेल घेतलाय, आता डाव तुमचा,” त्यांनी दांडू पुढे केला.

“आधी पगार द्या,” मावशी म्हणाल्या. विटी अजून त्यांच्या पदरातच होती.