अर्थिंग बघितलंस का?

गाडी रस्त्यावर कमी आणि बॉनेट उघडून दारात जास्त, असे एक नाना प्रत्येकाच्या ओळखीत असतात. आमचे नाना कॉव्हेंट्रीत राहतात, एवढाच फरक. त्यांची गाडी ट्रायम्फ स्पिटफायर, याच गावातल्या कॅन्ली कारखान्यात १९८० पर्यंत बनत असलेली. आत सीटं दोनच. त्यामुळे तिसरा माणूस, म्हणजे मी, कायम बाहेर टॉर्च धरून.

हॉर्न वाजेना तेव्हा मी म्हणालो, "नवा बसवून टाका." नाना कळवळले. "अरे, आधी अर्थिंग बघितलंस का?"

मग निरूपण. या गाडीत हॉर्नला बारा व्होल्ट सदोदित मिळतात. बटण दाबलं की वीज येत नाही, आलेल्या विजेला स्टिअरिंगच्या दांड्यातून बॉडीत जायला वाट मिळते. स्पिटफायरचं बॉनेट मडगार्डांसकट पुढे उलटतं. नाना पुढच्या टायरवर बैठक मारून बसले, हॉर्नची जांभळी-काळी वायर उपसली आणि उघड्या पत्र्याला टेकवली. भाँऽऽ! समोरच्या घरातला पडदा हलला. "हॉर्न ठणठणीत. करंट ठणठणीत. मग बिघडलंय काय?" आतून काकूंचा आवाज आला, "अर्थिंग! आता जेवायला या."

एकदा हे निदान हाती लागल्यावर त्यातून कोणी सुटलं नाही. महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत माईक गुणगुणला, अर्थिंग. चिटणीस आणि खजिनदार बोलेनासे झाले, "दोघेही सज्जन रे, मधलं अर्थिंग गेलंय." माझी दाढ दुखत होती तर वाकून तोंडात टॉर्च मारला. काकूंची भाकरी फुगली नाही त्या दिवशी मात्र उलथनं बघून गप्प बसले.

एक सबंध उन्हाळा गेला. नानांना क्रम मोडलेला चालत नाही. बटणाचा काँटॅक्ट, त्यामागची स्प्रिंग, सगळं पॉलिश पेपरने घासून झालं. मग दांड्यातल्या रबरी कपलिंगशी मीटर थबकला. रबरातून वीज जात नाही, म्हणून त्याला वळसा घालणारी एक बोटभर वायर असते. आधीच्या कुठल्यातरी मालकाने रबर बदलताना ती लावलीच नव्हती.

"एवढ्यासाठी?" मी वैतागलो. चाळीस वर्षांपुढच्या गाडीला इथे सहसा वार्षिक तपासणीही लागत नाही. रात्री साडेअकरा ते सकाळी सात वस्तीत हॉर्नला बंदी, आणि दिवसा वाजवला तर लोक आपल्याला आईबापांनी वाढवलं कसं याचा विचार करतात.

नाना हात पुसत म्हणाले, "आमच्या बाबांची स्टँडर्ड हेरल्ड होती, मद्रासची. स्पिटफायर तिच्याच सांगाड्यावर उभी राहिलीय. तिचाही हॉर्न गेलेला. मेकॅनिकने दोनदा नवा बसवला, तरी मुका. मग बाबा लक्ष्मी रोडने खिडकीतून हात काढून दारावर थापा मारत गाडी न्यायचे. आम्हाला मेली लाज वाटायची. सीटखाली दडून बसायचो." जरा थांबून म्हणाले, "आठ आण्याची वायर रे."

मी टॉर्च बंद केला नाही. माणूस छळवादी आहे, पण जानेवारीत आमचं हीटिंग बंद पडलं तेव्हा रात्री बर्फातून मीटर घेऊन हाच आला होता. फ्यूज उडाला होता. ते अर्थिंगच होतं, असं त्यांचं अजून म्हणणं आहे.

वायर लागली, हॉर्न दोन्ही सुरांत वाजला. पुढच्या रविवारी काकूंनी आपली सीट मला दिली. गल्लीत एक सायकलवाला मधोमध रमतगमत चाललेला. मी कान तयार ठेवले. नानांचा हात बटणाकडे गेलाच नाही. तो बाहेर गेला आणि दारावर दोन सणसणीत थापा बसल्या. सायकलवाला दचकून बाजूला झाला आणि वर आम्हालाच 'सॉरी' म्हणाला.