काही होत नाही!

विमानतळाच्या सुरक्षा तपासणीत सगळ्यांची घाई एकच असते, लवकर सुटावं. त्या रांगेत एकच प्राणी असा, की जो ‘माझं सामान जरा जास्त नीट तपासा’ म्हणून अजिजी करतो, आणि नेमका तोच संशयित ठरतो. त्याच्याजवळ फिल्मचे रोल असतात. पारदर्शक पिशवीतून ते पुढे करत तो म्हणतो, एकेक डबी उघडा, स्फोटकांची पट्टी फिरवा, हवं तर हुंगून बघा. फक्त यंत्रात घालू नका. उत्तर ठरलेलं: ‘काही होत नाही.’ हे म्हणणाऱ्याला रोल धुवून आल्यावर निगेटिव्ह बघायला बोलावण्याची सोय कुठेच नाही, त्यामुळे त्याचं विधान आजवर एकदाही खोटं ठरलेलं नाही.

न्यायाने बोलायचं तर एके काळी ते बरंचसं खरं होतं. केबिन सामानाच्या जुन्या यंत्रातून 100 किंवा 400 आयएसओचा रोल एक-दोनदा गेला, तर डोळ्यांना दिसेल असं नुकसान सहसा होत नसे. 800च्या पुढचे, म्हणजे प्रकाशाला जास्त संवेदनशील रोल जपायचे, आणि परिणाम साठत जातो म्हणून वाटेत विमानं किती बदलली ते मोजायचं, एवढंच. आता त्या जागी सीटी स्कॅनर येऊ लागले आहेत. ते क्ष-किरणांचा झोत सामानाभोवती फिरवून त्याचे काप पाडल्यासारखं चित्र तयार करतात आणि त्यापायी फिल्मला कितीतरी जास्त मारा बसतो. यातून रोल एकदाही नेऊ नका, असं खुद्द कोडॅक सांगतं. फिल्म फॉग होते म्हणजे काळं काळं राहत नाही, करडं होतं, आणि चित्रभर रवा सांडल्यासारखे कण दिसतात. चेक-इन सामानाच्या यंत्राची तऱ्हा आणखी न्यारी. तिथला अरुंद झोत गुंडाळलेल्या रोलवर पट्टा उमटवतो. रोल उलगडला की त्याची लाट होते. समुद्राचा फोटो असेल तर निदान शोभून तरी दिसते. गंमत म्हणजे केबिन सामानाच्या सीटी स्कॅनरमुळेच लॅपटॉप पिशवीतून बाहेर काढायची कटकट बऱ्याच ठिकाणी संपली. लॅपटॉपला बढती मिळाली, रोलच्या वाट्याला चोर सोडून संन्याशाला सुळी.

यावर पहिला आक्षेप, डिजिटल वापरा की! ‘ओपनहायमर’ हा 2023चा चित्रपट फिल्मवर चित्रित झाला आणि त्यासाठी कोडॅकने 65 मिमीची कृष्णधवल फिल्म मुद्दाम बनवली. तेव्हा हा चार हट्टी म्हाताऱ्यांचा छंद नव्हे. दुसरा आक्षेप सुरक्षेचा. तो वजनदार आहे, पण इथे लागू पडत नाही, कारण तपासणी चुकवायचीच नाहीये, पद्धत तेवढी बदलायची आहे. अमेरिकेच्या नियमावलीत प्रवाशाला फिल्म क्ष-किरणांशिवाय तपासून मागता येते, आणि म्हणून तिथली सुरक्षा ढासळल्याचं कोणी म्हणत नाही. तिसरा आक्षेप वेळेचा. पाच डब्यांना दोन मिनिटं लागतात. पट्टा सोडवण्यात, बूट चढवण्यात त्याहून जास्त जातात.

खरी अडचण वेगळी आहे. नुकसान कोणाचं, यावर ते मोजायचं की नाही हे ठरतं. 1945 साली न्यू मेक्सिकोत अणुबॉम्बची चाचणी झाली. तिची किरणोत्सारी धूळ दूर इंडियानातल्या एका पुठ्ठ्याच्या गिरणीपर्यंत पोचली आणि त्या पुठ्ठ्यात बांधलेली कोडॅकची फिल्म डागाळली. पुढे कंपन्यांनी तक्रार केल्यावर अमेरिकी सरकार फिल्म उद्योगाला चाचण्यांची आगाऊ सूचना देऊ लागलं. वाऱ्याच्या दिशेला राहणाऱ्या माणसांना तशी सूचना मिळत नव्हती. म्हणजे फिल्मची नाजूक प्रकृती सरकारदरबारी ठाऊक आहे. फक्त ती कारखानदाराची हवी, प्रवाशाच्या खिशातली नको.

मग प्रवासी आपापले तोडगे काढतो. शिशाचं अस्तर असलेली पिशवी घेतो. ती पडद्यावर काळा ठोकळा दिसते आणि शेवटी उघडावीच लागते. त्यापेक्षा साधा तोडगा, 400च्या दहा रोलांत 3200चा एक ठेवायचा आणि तपासनिसाला आधी तोच दाखवायचा. हा रोल कॅमेऱ्यात कधीच जात नाही. त्याने विमानतळ मात्र भरपूर पाहिलेले असतात.